दहा प्रश्नांचा कागद

कागद पुण्याहून छापून येतो, गुळगुळीत.
त्यावर लिहिलंय: गेल्या सात दिवसांत
आपणांस हसू येण्याजोग्या गोष्टींत
पूर्वीइतकीच गंमत वाटली का?
आपणांस, म्हणे.
उत्तरेश्वर पेठेत आपणांस कोण म्हणतं?

मी कागद मांडीवर पालथा घालते
आणि विचारते, हर्षदा,
शेवटचं कधी खिदळलीस गं?
ती भिंतीकडं बघते. खोलीत शेगडीचा धूर,
ओवा, बाळंतशेपा,
कानावर घट्ट बांधलेला आईचा जुना स्कार्फ.
बाळ पस्तीस दिवसांचं. त्याच्याकडं ती बघते
एस.टी.त कुणीतरी मांडीवर ठेवून दिलेल्या
पिशवीकडं बघावं तसं:
उतरताना मालक घेऊन जाईलच.

वीस वर्षं मी नाळा कापल्या.
टाके मोजले, रक्त मोजलं,
काट्यावर पोरं ठेवली गुळाच्या रव्यासारखी.
मग एका वर्षी साहेबांनी बोलावून सांगितलं,
सिस्टर मुजावर, आता तुम्ही मनाचं बघायचं.
मनाचं म्हणजे? त्याला टाके कुठं घालतात?
अठरा दिवसांचं ट्रेनिंग, एक फाईल, एक मोबाईल
आणि हा कागद.

चौथा प्रश्न, विनाकारण काळजी वाटते का.
मी म्हणते, रात्री उठून त्याचा श्वास बघतीस का?
किती वेळा?
'मोजलं न्हाई. नाकाला सूत लावून बघते.'
सहावा. डोक्यावरचं घमेलं उतरतंय का कुठं?
'उतरवायला जागाच न्हाई.'

सासू दारात, मुठीत मीठ-मोहऱ्या.
दृष्ट लागलीया, तिचं म्हणणं, उजळ हुती न्हवं पोरगी.
मी अडवत नाही. उतरवा म्हणते, मावशी,
आणि रात्री अकरा ते तीन पोरगं तुमच्याकडं घ्या,
झोप बी उतरू दे हिच्या डोळ्यांत.
ही युक्ती कागदावर नाही.

दहावा प्रश्न मी घाईत विचारत नाही.
आधी सासूला चहा ठेवायला पाठवते.
पंखा बंद करते, करकरतो म्हणून.
मग सरळ विचारते. आडून विचारलं
की बाया आडूनच नाही म्हणतात.
हर्षदा, मरावं वाटलं का?

बराच वेळ नुसता स्टोव्हचा आवाज.
मग, 'टाके दाखवायला निघालो तवा
रिक्षावाल्याला म्हटलं, रंकाळ्यावरनं नको,
लांबनं ने. पैसे जास्त झाले. हे बोलले मला.'

मी 'अगं बाई' म्हणत नाही.
माझी सख्खी बहीण, रजिया, त्र्याण्णव साली,
तिला सगळे अगं बाईच म्हणाले होते.
मी एवढंच म्हणते, लांबनं न्यायला लावलंस,
शहाणी गं माझी. आणि उठत नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाई, मग गोळी.
अंगावर पाजत चालते ती, मी तीनदा सांगितलं.
शिरोलीच्या फाउंड्रीतून नवरा आला, हात काळे,
बाहेर बाकावर बसून
रिक्षाचे ते जास्तीचे साठ रुपये
पुन्हा पुन्हा आठवत रडला.

नंतरचे सहा मंगळवार सांगण्यासारखे नाहीत.
एकदा तिनं दारच उघडलं नाही.
एकदा गोळ्या तुळशीच्या मातीत सापडल्या.
एकदा मी शेजारी बसून नुसते वाटाणे सोलले.

सातव्या मंगळवारी तीच आली, दवाखान्यात.
कुठल्या रस्त्यानं, मी विचारलं नाही.
तीच म्हणाली, 'रंकाळ्यावरनं. बघितलं न्हाई मी.
पर डोळं बी मिटलं न्हाईत.'
मी कागद काढला, पेन सापडेना.
तेवढ्यात बाळाच्या छातीत काहीतरी उडी मारलं,
पुन्हा मारलं.
ती वाकली त्याच्यावर, मग माझ्याकडं बघून:
'सिस्टर, ह्याला उचकी लागली
की काय करायचं असतं?'